लाल कोळंबीचा रंग टिकवताना

मत्स्यटाकीतली लाल चेरी कोळंबी मुळात लाल नसतेच. तैवान-चीनमधल्या ओढ्यांत राहणारी तिची रानटी भावंडं मळकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक असतात. निओकॅरिडिना डेव्हिडी हे तिचं शास्त्रीय नाव. आज दुकानात दिसणारा गडद लाल रंग हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणला आहे, आणि निवड थांबली की तो ओसरू लागतो. बरीच वर्षं डोंबिवलीत या कोळंब्या वाढवताना जे कळलं, ते इथे मांडतो.

१. घरी आणल्या दिवशी रंग ठरवू नका. पिशवीतून आलेली घाबरलेली कोळंबी फिकी पडते. क्लोरीन गेलेलं पाणी, महिना-दीड महिना मुरलेली टाकी आणि दोन आठवड्यांचा निवांतपणा मिळाला की तिचा खरा रंग दिसतो.

२. नर बघा. मादी मोठी, भरलेली, पोटाकडे गोलसर आणि रंगाने गडद असते, त्यामुळे सगळ्यांची नजर तिच्यावरच जाते. नर बारीक, सरळ पोटाचा आणि फिका. पण पिल्लांना निम्मा वारसा त्याच्याकडूनच मिळतो. माझ्या टाकीतला रंग खऱ्या अर्थाने सुधारला तो नर निवडायला लागल्यावर. वरून बघितलं तर सगळ्याच लाल दिसतात, म्हणून मी एकेकीला काचेच्या छोट्या चौकोनी भांड्यात घेऊन बाजूने बघतो. कुशीवर पारदर्शक खिडक्या आहेत का? रंग सलग आहे की ठिपक्याठिपक्यांचा? आणि पाय? पायांपर्यंत लाली उतरलेला नर मिळाला तर तो कुणाला देऊ नका.

३. निवडीला दोन टाक्या लागतात. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी शेतकरी ज्वारीची भरघोस कणसं आधी बाजूला काढतो, तसं हे काम आहे. पिल्लांचा रंग वाढीबरोबर भरतो, म्हणून फार लवकर निर्णय नको. पण तीन-चार महिन्यांत ती वयात येतात, त्याआधी फिक्या पिल्लांची दुसऱ्या टाकीत रवानगी व्हायला हवी. मादीच्या मानेमागे पिवळसर-हिरवट डाग दिसला की समजा, अंडी तयार होत आहेत आणि तुमच्याकडे वेळ कमी आहे. वेगळ्या काढलेल्या कोळंब्या तळ्यात किंवा नाल्यात मात्र कधीही सोडू नका. जर्मनी, पोलंडमध्ये टाकीतून सुटलेल्या याच कोळंब्यांनी नैसर्गिक पाण्यात बस्तान बसवलं आहे.

४. निळ्या, पिवळ्या, लाल एकत्र ठेवू नका. टाकी सुंदर दिसते, पण त्यांचा संकर होतो आणि पुढच्या पिढ्या पुन्हा त्या मळकट तपकिरीकडे वळतात. कित्येकांनी केलेली निवड त्यात वाया जाते.

५. खाद्याने रंग उजळतो, पण तो पिल्लांकडे जात नाही. कोळंबीची लाली कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांवर उभी असते आणि ती द्रव्यं तिला खाण्यातूनच मिळवावी लागतात. त्यामुळे स्पिरुलिना, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, देशी बदामाचं झाडावरून गळालेलं वाळकं पान हे सगळं जरूर द्या. बदामाच्या पानावर जिवाणू-शेवाळाचा जो बुळबुळीत थर चढतो, त्यावर पिल्लं दिवसभर चरतात. उरलेला पालक संध्याकाळी काढून टाका. झाडांचं खत किंवा माशांचं औषध टाकण्याआधी त्यात तांबं आहे का, ते बघा. तांबं कोळंबीला मारक आहे.

६. तळाला काळी वाळू घाला. फिक्या वाळूवर कोळंबी स्वतःचा रंग आवरून घेते.

७. एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या वीण होत राहिली की पिल्लं कमी आणि अशक्त होतात. अधूनमधून त्याच रंगाच्या, पण दुसऱ्याकडच्या चार-पाच चांगल्या कोळंब्या आणा आणि आधी वेगळ्या ठेवून मग मिसळा. निवडीच्या या सगळ्या कामाला धीर किती लागतो, हे जपानच्या हिसायासु सुझुकींकडे बघून कळतं. ‘बी’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या कोळंब्यांत अवचित निघालेल्या लाल पिल्लापासून त्यांनी 1990 च्या दशकात क्रिस्टल रेड हा वाण उभा केला.

८. एप्रिल-मे महिन्यांत निवड करू नका. आमच्याकडे टाकीचं पाणी 30 अंशांच्या वर जातं आणि चेरीला 20 ते 26 मानवतं. पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, दमट हवेत त्याहून कमी. अशा दिवसांत चांगल्या जातकुळीची कोळंबीही फिकी दिसते आणि तिला बाद केलं तर नुकसान आपलंच. त्या दोन महिन्यांत फक्त त्यांना जगवा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की रंग वाढवणाऱ्या महागड्या खाद्याच्या पाकिटांवर पैसे घालण्याआधी ती दुसरी छोटी टाकी घ्या.