कापले गेलेले ५०९ रुपये

चि. मुक्ता हिस,


अर्थशास्त्रातल्या जाणत्या माणसांशी बोलून रोजच्या जगण्याचे व्यवहार समजून घ्यायचे, हा तुझा बेत मला आवडला. सोबत पाठवलेली प्रश्नावली मात्र नाही आवडली. "कांद्याच्या निर्यात धोरणाबद्दल आपलं मत काय?" असं विचारशील तर मतच मिळेल. ते एसटीत शेजारी बसलेला माणूसही फुकट देतो.

त्यापेक्षा समोर विक्रीच्या हिशेबाची पट्टी ठेव आणि एकेक ओळ विचार. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया, आणि खर्च वजा जाता हाती आला २ रुपयांचा धनादेश. पेपरांत ते २ रुपयेच गाजले. तू कापले गेलेले ५०९ रुपये (आणि वरचे काही पैसे) बघ. गाडीवाला कांद्याचा भाव विचारून भाडं ठरवत नाही. कांदा १ रुपयाने जावो की ३० रुपयांनी, हमालाच्या पाठीवर पोतं तेवढंच जड. त्यामुळे भाव निम्म्यावर आला की शेतकऱ्याचं निम्मंच जातं असं नाही, कधीकधी सगळंच जातं. आधी हमालाला, तोलाराला विचार, मग व्यापाऱ्याला, आणि हे सगळं वहीत उतरलं की तुमच्या प्राध्यापकांकडे जा. रिकाम्या हाताने गेलीस तर ते मागणी-पुरवठ्याची आकृती काढून देतील. ती तुला येतेच.

दुसरं, तारीख धरून विचारत जा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. "त्या दिवशी तुमच्याकडे किती माल होता? मग काय केलंत?" एवढंच विचार. उन्हाळ कांदा असता तर शेतकऱ्याने कांदाचाळीत ठेवून वाट पाहिली असती. डिसेंबरात येतो लाल कांदा, तो टिकत नाही. विकण्यावाचून इलाज नव्हता. निर्यातदार वेगळं सांगेल, मुंबईतली गृहिणी तिसरंच. लगेच कुणाची बाजू घेऊ नकोस. शहरात कांदा स्वस्त व्हावा असं वाटणाऱ्यालाही पोट आहेच. (माझं मत विचारशील तर बंदी चुकीची होती. पण मी कांदा पिकवणाऱ्या निफाडचा, तेव्हा हे मतही तपासूनच घे.)

तू पिंपळे सौदागरला राहतेस ना? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी याच गावाची जमीन आणि कर्ज तपासून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. एका खातेदाराची सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आल्याचं त्यांनी दाखवलं. लायब्ररीतून ते आण. कुणाकडे काय विचारायला जायचं, हे त्यातल्या तक्त्यांवरूनच कळेल.

मोबाइलवर रेकॉर्डिंग परवानगीशिवाय चालू करायचं नाही. कर्जाचा आकडा चारचौघांत विचारायचा नाही. लिलाव चालू असताना व्यापाऱ्याला गाठू नकोस, तो नीट बोलणार नाही. दुपारी चहाला थांबव. दिवाळीत लासलगावचे कांद्याचे लिलाव काही दिवस बंद असतात, म्हणून त्याआधीच ये. ओळखीच्या एका अडत्याशी बोलून ठेवतो. त्याच्याकडे जुन्या पट्ट्यांची अख्खी पेटी आहे.

तुझा,
मामा