प्रकाशाच्या आत शिरताना

चित्र म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर, एवढीच आमच्या घरची कल्पना. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. कला समजण्यासाठी आधी पुष्कळ शिकलेले असावे लागते, अशी धास्ती मनात होती. ओलाफर एलियासन यांच्या ‘द वेदर प्रोजेक्ट’ या कलाकृतीचा अभ्यास करताना ती कमी झाली.

लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाची इमारत पूर्वी वीजकेंद्र होती. तेथील भव्य टर्बाइन हॉलमध्ये २००३ साली ही रचना उभी राहिली. सुमारे २०० दिव्यांचे एक अर्धवर्तुळ आणि छताला आरसे. प्रतिबिंबामुळे अर्ध्याचा पूर्ण सूर्य झाला. हवेत कृत्रिम धुके सोडले होते. प्रकाश एकाच पिवळ्या छटेचा असल्याने इतर रंग लोपले. लोक जमिनीवर आडवे होऊन वरच्या आरशात स्वतःला शोधू लागले.

विशेष म्हणजे कलावंताने युक्ती लपवली नाही. मागे गेल्यास दिव्यांची मांडणी उघड दिसे. सूर्य खोटा हे ठाऊक असूनही लोक तेथे रेंगाळले. प्रवेशही विनामूल्य होता.

तात्पर्य, आस्वाद आधी, व्याख्या नंतर. परीक्षेसाठी व्याख्या पाठ करताना आपण हे विसरू नये, असे मला वाटते.