परड्यातला दिवा : किती, कोठे आणि कशासाठी?

घरामागच्या मोकळ्या जागेला कोणी परस म्हणतात, कोणी परसदार म्हणतात. आपल्या कोल्हापूरकडे तिला परडे म्हणतात. न्हाणी, शौचालय, पाण्याची टाकी, जळणाचा ढीग, शेळीचा खुंटा, एखादे लिंबाचे किंवा शेवग्याचे झाड असा तेथला संसार. दिवसा तेथे वावरताना काही वाटत नाही. रात्री मात्र त्याच चार पावलांची भीती वाटते. मग कोणीतरी म्हणते, "मागे एक मोठा दिवा लावून टाका!" पण मोठा दिवा लावला म्हणजे चांगले दिसतेच असे नाही. ते का, हे या लेखात पाहू.

कबनूरचे उदाहरण घेऊ. हातकणंगले तालुक्यातले हे गाव इचलकरंजीला अगदी लागून आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे मागांचा हा धंदा आजूबाजूच्या गावांतही पसरला. मागाला रात्रपाळी असते. त्यामुळे मध्यरात्री किंवा पहाटे हातपाय धुण्यासाठी परड्यात जाणारी माणसे येथे पुष्कळ. शिवाय कबनूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे रात्र सुमारे १३ तासांची असते, जूनमध्ये ती ११ तासांच्या आसपास येते. म्हणजे वर्षातला निम्मा वेळ परडे अंधारात असते.

प्रकाश मोजायचा कसा?

पूर्वी परड्यात जाताना हातात कंदील असे. कराडजवळच्या ओगलेवाडीला तयार होणारा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर माहीत होता. त्याचा उजेड आजच्या दिव्यांच्या मानाने फारच थोडा, तरी त्यावर लोकांचे काम भागे. कारण कंदील माणसाबरोबर चाले आणि त्याचा उजेड नेमका पायांजवळ पडे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता दोन एकके समजून घेऊ. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्यूमेनमध्ये सांगतात. एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्यूमेन प्रकाश पडला, की तेथील प्रदीपन एक लक्स झाले. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो जेमतेम पाव लक्स असतो! तरीही त्या चांदण्यात आपण पायवाटेने चालू शकतो. माणसाच्या डोळ्याची ताकद यावरून कळते.

जुना ६० वॅटचा तारेचा दिवा सुमारे ७०० ल्यूमेन प्रकाश देई. बाकीची वीज उष्णतेत जाई. आजचा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच किंवा थोडा अधिक प्रकाश देतो. म्हणून दिवा घेताना वॅट पाहू नका, खोक्यावर छापलेले ल्यूमेन पाहा. वॅट हा विजेचा खर्च आहे, ल्यूमेन हे हाती आलेले पीक आहे.

अंतराचा हिशेब

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्रकाश निम्मा होत नाही, एकचतुर्थांश होतो. अंतर तिप्पट केले तर एकनवमांश होतो. हा व्यस्त वर्गाचा नियम होय. प्रकाश पसरताना तोच प्रकाश अधिकाधिक मोठ्या क्षेत्रावर वाटला जातो आणि ते क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

समजा, ३ वॅटचा, ३०० ल्यूमेनचा एलईडी दिवा आपण छपराच्या पुढे आलेल्या वाशाला जमिनीपासून २ मीटर उंचीवर टांगला. तो सर्व दिशांना सारखा प्रकाश देतो असे धरले, तर त्याची दीप्ती सुमारे २४ कॅन्डेला भरते. पण यातला अर्धा प्रकाश वर जातो. वर आपले काय काम? दिव्यावर आतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची टोपी बसवली, की वर जाणारा बराचसा प्रकाश खाली वळतो. थोडा टोपीत शोषला जाईल असे धरून खालच्या बाजूची दीप्ती ४० कॅन्डेला मानू.

आता गणित करा. दिव्याच्या अगदी खाली अंतर २ मीटर, म्हणून प्रदीपन ४० भागिले ४, म्हणजे १० लक्स. तेथून ४ मीटर दूर जमिनीवर काय होईल? पायथागोरसच्या सिद्धांताने दिव्यापासून त्या जागेच्या अंतराचा वर्ग ४ + १६ = २० येतो. ४० भागिले २० म्हणजे २ लक्स. पण किरण तिरपे पडत असल्यामुळे ते अधिक जागेवर पसरतात. त्यासाठी दिव्याच्या उंचीला अंतराने भागून गुणावे लागते. २ भागिले ४.४७ म्हणजे सुमारे ०.४५. उत्तर आले ०.९ लक्स. म्हणजे चार मीटर दूरसुद्धा पौर्णिमेच्या साडेतीनपट उजेड आहे!

आणि खर्च? ३ वॅटचा दिवा रोज १२ तास जळला तर महिन्याला १ युनिटहून किंचित अधिक वीज लागते. त्याच वेळात ६० वॅटचा तारेचा दिवा २१.६ युनिटे खाई.

मोठ्या दिव्याने कमी का दिसते?

आपल्या डोळ्यात दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी आहेत. शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. अंधारात गेल्यावर दंडपेशींना पूर्णपणे सरावायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. उघडा, झगझगीत दिवा नजरेसमोर आला, की हा सराव क्षणात मोडतो. शिवाय डोळा झगमगाटाशी जुळवून घेत असल्यामुळे जळणाच्या ढिगामागची सावली अधिकच काळी दिसते. नेमक्या त्याच सावलीत काय आहे ते आपल्याला पाहायचे असते.

यावरून नियम असा निघतो : दिव्याचा प्रकाश दिसावा, दिवा दिसू नये. आणि एका टोकाला एक भला मोठा दिवा लावण्यापेक्षा वाटेवर दोन लहान दिवे लावावेत. एकाने पडलेली सावली दुसरा पुसतो.

किडे, बेडूक आणि साप

पावसाच्या सुरुवातीला दिव्याभोवती किड्यांचे थवे जमतात. किडे दिव्यावर झेप घेतात असे आपण समजतो. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान चित्रणातून असे आढळले, की उडणारे किडे आपली पाठ उजेडाकडे वळवतात. निसर्गात रात्री आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की शरीर सरळ राहते. दिवा बाजूला किंवा खाली असला, की बिचाऱ्यांची दिशा चुकते आणि ते त्याच्याभोवती गरगरत राहतात.

किडे आले की पाली व बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागावर साप येऊ शकतो. म्हणजे सापाच्या भीतीने लावलेला भगभगीत दिवा त्याच्या भक्ष्याला आवतण देतो! बहुतेक किड्यांच्या डोळ्यांना अतिनील व निळा प्रकाश अधिक जाणवतो. म्हणून निळसर पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळसर दिवा निवडावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन असे लिहिलेले असेल, तर तो पिवळसर समजावा.

मण्यार व घोणस हे विषारी साप मुख्यतः रात्री हिंडतात. घोणस वाळलेल्या पाल्यात सहज मिसळून जाते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून दिवा असला तरी पायात वहाण आणि हातात बॅटरी हवी. जळण व विटांचे ढीग वाटेपासून दूर रचावेत. दंश झालाच तर कापणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न घालवता रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष हाच त्यावरचा उपाय आहे.

पाणी आणि वीज

परड्यात पाणी आहे, ओली जमीन आहे, अनवाणी पाय आहेत. घरातल्या विजेपेक्षा येथली वीज म्हणूनच अधिक घातक ठरते. पाच अँपिअरचा फ्यूज आपल्याला वाचवील असे समजू नका. तो तारा तापू नयेत म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून एक दशांश अँपिअरहून कमी प्रवाह गेला तरी प्राण जाऊ शकतो आणि फ्यूज जागचा हलत नाही.

यासाठी आरसीसीबी नावाचे उपकरण असते. दिव्याकडे जाणारा प्रवाह व तेथून परत येणारा प्रवाह यांची ते तुलना करते. दोन्ही सारखे असले तर ठीक. काही प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की दोहोंत फरक पडतो. हा फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात पोहोचताच ते वीज तोडते. त्याबरोबर अर्थिंगही चांगले हवे. बटण घरात, कोरड्या जागी असावे. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार विजेच्या खांबाला, दिव्याच्या कडीला किंवा वायरीजवळ कधीही बांधू नये. पंचगंगेच्या खोऱ्याने २०१९ आणि २०२१ साली महापूर पाहिला. पाणी चढू लागले, की परड्यात जाण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे.

ही धास्ती नको असेल तर १२ व्होल्टचा सौरदिवा बरा. त्याची पट्टी दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी अक्षांशाइतका म्हणजे सुमारे १७ अंशांचा कोन करून बसवावी. पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी मिळते. तेव्हा माणूस आला तरच लागणारा दिवा उपयोगी पडतो. माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांत झालेला बदल ओळखून हा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप विझतो.

अंधाराचीही गरज आहे

आपल्याच जिल्ह्यात राधानगरीच्या जंगलात मेअखेरीस व जूनच्या आरंभी काजव्यांनी झाडे लखलखतात. ती लुकलुक म्हणजे नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते. जवळ दिवे असले, की ती खूण दिसत नाही आणि जोड्या जमत नाहीत. आकाशाचेही तसेच. वर गेलेला प्रकाश धुळीवर व बाष्पावर विखुरतो आणि तारे पुसून टाकतो. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातले पहिले आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. कबनूरला जंगल नाही, पण दिव्यांवर टोप्या बसवणे कोणाच्याही हातचे आहे. तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा १७ अंश वर असतो. उत्तरेच्या शेजाऱ्याचा एक उघडा दिवासुद्धा त्याला झाकून टाकायला पुरेसा आहे.

थोडक्यात, प्रकाश हवा तेथेच, हवा तेवढाच आणि हवा तेव्हाच. जुन्या कंदिलाला हे तिन्ही साधले होते. नव्या दिव्याला ते आपण शिकवायचे.

करून पाहा

जाड पांढऱ्या कागदाच्या मध्यावर गोडेतेलाचा एक थेंब चोळा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन याच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकाशमापी तयार झाला. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरा. त्याच्या एका बाजूला २० सेंटिमीटरवर मेणबत्ती ठेवा (मोठे माणूस जवळ असू द्या). दुसऱ्या बाजूचा दिवा पुढे-मागे सरकवा. एका जागी तेलाचा डाग जवळजवळ नाहीसा होतो. तेथे दोन्ही बाजूंचे प्रदीपन सारखे असते. समजा, त्या वेळी दिवा १०० सेंटिमीटरवर आहे. अंतर पाचपट, म्हणून दिव्याची दीप्ती मेणबत्तीच्या पंचवीसपट. दिवा वळवून वेगवेगळ्या बाजूंनी मोजा आणि तक्ता करा. मग टोपी बसवून पुन्हा मोजा.

विचार करा

१. लेखातला दिवा २ मीटरऐवजी ३ मीटर उंचीवर टांगला, तर त्याच्या खाली आणि ४ मीटर दूर प्रदीपन किती होईल? कोठे वाढले, कोठे घटले?

२. तुमच्या परड्याचा नकाशा काढा. रात्री चालण्याची वाट, सावल्या पडणाऱ्या जागा व पाण्याच्या जागा दाखवा. दोन लहान दिवे कोठे लावाल?

३. तुमच्या घराचा कोणता दिवा शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा आकाशात प्रकाश टाकतो?