जुना स्पीकर बॉक्स : आधी उघडा, मग भाव सांगा

गणपती जवळ आले की खेडमध्ये आमच्या दुकानात जुने लाकडी स्पीकर बॉक्स दुरुस्तीला येतात. एकाचा भाव मी बाहेरूनच बघून सांगितला. समोरची जाळी ओढली, कापड फाटलं. स्पीकर तर मागून बसवलेला! कापडाचा खर्च माझ्या खिशातून.

तेव्हापासून तीन नियम :

१. स्पीकर पुढून बसवलाय की मागून, ते आधी बघा. मागून असेल तर मागची फळी खोला.

२. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा, नाहीतर फ्रेम वाकते. चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचतं. घसरला तर कागदी कोन फाटतो.

३. कडेला फोमची पट्टी लावा. हवा गळली की बेस कमी होतो, गिऱ्हाईक परत येतं, आणि दुसऱ्यांदा केलेलं काम फुकटच असतं.