नम्र असणं म्हणजे गप्प बसणं का?

प्रश्न : देवावर भरवसा ठेवायचा आणि नम्र राहायचं, असं चर्चमध्ये शिकवतात. मग आपण प्रयत्न करायचे की नाहीत? अन्यायही मुकाट्याने सोसायचा का? – एक वाचक, जळोची

उत्तर : याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. बारामतीहून रेल्वेने दौंडला उतरून पुण्याच्या गाडीत बसलात, की वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या. पैशांसाठी रमाबाई प्रार्थना करत, पण पाण्यासाठी त्यांनी विहिरीही खणून घेतल्या. भरवसा म्हणजे कष्टांना सुट्टी, असं त्यांनी कधी मानलं नाही. फळ आपल्या हाती नाही, एवढंच मानलं.

आता नम्रतेचं. कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. कशासाठी? तर खेड्यातल्या बाईला समजेल असं मराठी बायबल व्हावं म्हणून. मिशनमधल्याच मुली त्याच्या छपाईचे खिळे जुळवत. आपली विद्वत्ता उतरवून ठेवणं मला उपासापेक्षा अवघड वाटतं.

कुणी म्हणेल, नम्र माणूस वरिष्ठांपुढे वाकतोच. पण १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी तिथल्या धर्मगुरूंची प्रत्येक आज्ञा मानायला पत्रांतून साफ नकार दिला. देवापुढे झुकलेली मान माणसांपुढेही झुकलीच पाहिजे, असं नाही. घरात किंवा मंडळीत अन्याय होत असेल, तर तो बोलून दाखवा. त्याने नम्रता उणी होत नाही.