तयार सुटे भाग : वेळेची बचत आणि विश्वासाची पारख

पेरणीसाठी घरचे बियाणे राखावयाचे म्हणजे चांगली कणसे निवडणे, ती वाळविणे, मळणे आणि किडीपासून जपणे असा महिनोगणतीचा उद्योग असतो. प्रमाणित बियाण्याची पिशवी आणली की हे सारे श्रम वाचतात. तथापि जाणता शेतकरी पिशवी घेताना तिच्यावरील निळी खूणचिठ्ठी पाहतो, शिवण उसवलेली नाही ना याची खात्री करून घेतो आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांतील किती रुजतात हेही मोजतो.

संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना आपण प्रोग्राम किंवा सॉफ्टवेअर म्हणतो, त्या तयार करण्याच्या कामातही हाच प्रश्न उद्भवतो. सर्व काही आपल्या यंत्रावर मुळापासून घडवावे की दुसऱ्याने घडवून ठेवलेले भाग उतरवून घ्यावेत? आणि उतरवून घेतले, तर त्यांची पारख कशी करावी? शाळा, पंचायती आणि कार्यालये यांचा बराचसा कारभार आज संगणकावर चालत असल्यामुळे हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

आज्ञावलीची दोन रूपे

कोणतीही आज्ञावली दोन रूपांत असते. पहिले रूप मूळ लिखाणाचे. ते माणसाने लिहिलेले असते आणि ती भाषा शिकलेल्या दुसऱ्या माणसाला वाचता येते. दुसरे रूप यंत्रभाषेचे. त्यात केवळ अंकांच्या रांगा असतात. त्या यंत्राला समजतात, परंतु माणसाला सहजासहजी वाचता येत नाहीत. पहिल्या रूपातून दुसरे रूप तयार करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात आणि या क्रियेस कंपाइल करणे असे म्हणतात.

मोठी आज्ञावली एकटी कधीच नसते. ती अनेक लहान भागांवर उभी असते, ते भाग आणखी काही भागांवर अवलंबून असतात आणि या प्रत्येकाचे यंत्रभाषेत रूपांतर व्हावे लागते. फायरफॉक्ससारखा ब्राउझर किंवा लिबरऑफिससारखा कार्यालयीन संच साध्या यंत्रावर मुळापासून बांधावयास घेतला, तर कित्येक तास लागतात. एकच लिखाण हजारो ठिकाणी हजारो वेळा कंपाइल होते आणि सर्वत्र निष्पत्ती जवळजवळ तीच निघते. यात वेळ जातो आणि वीजही जळते.

तयार भागांची सोय

यावर उपाय सोपा आहे. एकाने एकदा कंपाइल करावे आणि इतरांनी तयार भाग उतरवून घ्यावा. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीने हाच मार्ग पत्करला. तिच्या जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक तयार गठ्ठे होते. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

याच्या उलट जेंटू या प्रणालीची ख्याती अशी की, तिचा वापरकर्ता प्रत्येक गोष्ट आपल्या यंत्रावर स्वतः बांधतो. त्या प्रणालीनेही २९ डिसेंबर २०२३ रोजी तयार गठ्ठ्यांचे मोठे भांडार सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले. स्वतः बांधण्याची मोकळीक तिने कायम ठेवली आणि ज्याला घाई आहे त्याची सोय केली.

शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण रास्पबेरी पाय या यंत्राचे आहे. २०१२ साली विक्रीस आलेला हा छोटा, स्वल्पमोली संगणक अनेक देशांतील शाळांत पोहोचला. परंतु त्याची शक्ती बेताची. पायथॉन भाषेतील गणिताचे एखादे मोठे साधन त्यावर कंपाइल होऊ लागले की तासिका संपून जाई आणि यंत्र चालतच राही. २०१७ साली पायव्हील्स या उपक्रमाने असे भाग रास्पबेरी पाय यंत्रांवरच बांधून लोकांसाठी उपलब्ध करून दिले. तेव्हापासून तेच काम थोड्या अवधीत होऊ लागले.

येथे एक पथ्य ध्यानात ठेवावे. तयार भाग हा विशिष्ट जातीच्या यंत्रासाठी आणि विशिष्ट प्रणालीसाठी बांधलेला असतो. म्हणूनच पायथॉनच्या 'व्हील' नामक तयार गठ्ठ्याच्या नावातच भाषेची आवृत्ती आणि यंत्राची जात नमूद केलेली असते. जुळणारा गठ्ठा नसेल, तर मूळ लिखाणापासून बांधण्यावाचून गत्यंतर नसते.

काही सेकंदांचा वाद

सोय ही विश्वासाच्या आड कशी येऊ शकते, हे २०२३ सालच्या एका प्रकरणावरून दिसून आले. रस्ट या भाषेत माहितीची मांडणी करण्यासाठी 'सर्डे' हे साधन अतिशय प्रचलित आहे. त्याचा एक भाग आज्ञावली बांधली जात असतानाच, बांधणाऱ्याच्या यंत्रावर प्रत्यक्ष चालतो. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात १.०.१७२ या आवृत्तीपासून हा भाग लिनक्सच्या एका प्रचलित प्रकारासाठी आधीच कंपाइल करून देण्यात येऊ लागला. हेतू चांगला होता. प्रत्येक बांधणीत काही सेकंद वाचावेत, एवढाच.

ऑगस्टमध्ये ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली आणि तीव्र आक्षेप निघाले. मूळ लिखाण समोर असताना न वाचता येणारा भाग आमच्या यंत्रावर का चालवावा, असा लोकांचा प्रश्न होता. तो नाकारून स्वतः बांधण्याची साधी सोय ठेवलेली नव्हती. शिवाय तो भाग मूळ लिखाणातून जसाच्या तसा पुन्हा बांधता येत नाही, अशीही तक्रार पुढे आली. अखेर १.०.१८४ या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. त्या भागात काही अपाय होता असे नव्हे. परंतु अपाय नाही, हे पाहणाऱ्याला स्वतः पडताळून घेता येत नव्हते, आणि वादाचे मूळ तेथेच होते.

पारखीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी ठशाची. प्रत्येक गठ्ठ्यातील सर्व अंकांवरून गणिताने एक छोटी संख्या काढता येते; तिला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ ही तिची प्रचलित रीत आहे. गठ्ठ्यात एका स्वल्पविरामाचा जरी फरक पडला, तरी ही संख्या पार बदलून जाते. वाटेत गठ्ठा बिघडला किंवा कोणी बदलला, तर ते यावरून उघडकीस येते.

दुसरी पायरी स्वाक्षरीची. ठसाच बदलून टाकला तर काय करावे, या शंकेचे हे उत्तर आहे. डेबियनमध्ये गठ्ठ्यांचे ठसे एका सूचीत असतात, त्या सूचीचा ठसा मुख्य नोंदपत्रात असतो आणि त्या नोंदपत्रावर डिजिटल स्वाक्षरी असते. तलाठ्याच्या उताऱ्यावरील शिक्क्याप्रमाणेच ही स्वाक्षरी आपण तपासू शकतो. नित्याच्या वापरात हे काम प्रणाली आपण होऊन करते. म्हणूनच तिने स्वाक्षरी जुळत नसल्याची सूचना दिली असता ती बाजूला सारून पुढे जाणे धोक्याचे असते.

तिसरी पायरी पुनर्बांधणीची. गठ्ठा कोणी पाठविला एवढे स्वाक्षरी सांगते. तो दाखविलेल्या लिखाणातूनच बनला आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी दुसऱ्याने तेच लिखाण पुन्हा कंपाइल करावे आणि दोन्ही फळे अंकश: जुळतात का ते पाहावे. ऐकावयास हे सोपे असले, तरी बांधणीची तारीख व वेळ, फाइलींचा क्रम, ज्या कप्प्यात काम झाले त्याचे नाव अशा किरकोळ गोष्टी गठ्ठ्यात उमटतात आणि निष्पत्ती वेगळी निघते. डेबियनच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून असे फरक एकेक करून शोधून दूर करण्याचे काम हाती घेतले. गोणपाटातील शंभर दाण्यांच्या चाचणीशी या पायरीचे नाते आहे. प्रत्येकाने ती केली पाहिजे असे नाही; परंतु कोणालाही ती करता आली पाहिजे.

दोन इशारे

युनिक्स प्रणालीचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टुरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, खुद्द कंपायलरमध्येच चोरवाट दडविली, तर मूळ लिखाण कितीही वाचले तरी ती सापडणार नाही. स्वतः कंपाइल केले म्हणजे आपण सर्वस्वी सुरक्षित झालो, हा समजही त्यामुळे टिकत नाही.

दुसरा इशारा मार्च २०२४ मधील. एक्सझेड नावाच्या, फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातलेली आढळली. तिला जागे करणारा तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हता. तो केवळ प्रकाशनासाठी बांधलेल्या लिखाणाच्या गठ्ठ्यात होता. देखभाल करणाऱ्यांपैकीच एकाचे हे कृत्य असल्यामुळे स्वाक्षरीने काहीच साधले नसते. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती शोधून काढली. लोकांसमोर ठेवलेले लिखाण आणि हाती दिलेला गठ्ठा यांचा मेळ कोणी तरी घालून पाहिलाच पाहिजे, हा त्याचा बोध.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

तयार भाग टाळावेत, असा या लेखाचा अभिप्राय नाही. वेळ मौल्यवान आहे आणि प्रत्येक शाळेने किंवा कार्यालयाने सारे काही मुळापासून बांधीत बसणे शक्यही नाही. मात्र पुढील चार नियम सर्वांनी पाळावेत.

१. आज्ञावली प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेला गठ्ठा पारखल्याविना बसवू नये.
२. प्रसिद्ध केलेला ठसा ताडून पाहावा; शक्यतो तो गठ्ठ्याहून वेगळ्या, खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावा.
३. स्वाक्षरीविषयीची सूचना आल्यास काम थांबवून जाणकारास विचारावे.
४. कार्यालयासाठी आज्ञावली बनवून घेताना मूळ लिखाण आणि ते पुन्हा बांधण्याची कृती ही दोन्ही लेखी मागून घ्यावीत.

वर्गासाठी प्रयोग

विद्यार्थ्यांकडून एक परिच्छेद संगणकावर लिहून घ्यावा व त्याचा एसएचए-२५६ ठसा काढावयास सांगावे. बहुतेक प्रणालींत यासाठी आज्ञा उपलब्ध असते. ठसा फळ्यावर उतरवावा. नंतर त्या परिच्छेदातील एकच काना काढून टाकावा आणि पुन्हा ठसा काढावा. शेवटी तो काना पूर्ववत घालून तिसऱ्यांदा ठसा काढावा. पहिला आणि तिसरा ठसा जुळतो, दुसरा मात्र ओळखूही येत नाही, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडते. त्यानंतर त्यांना एकच प्रश्न विचारावा : हा ठसा फळ्यावर लिहिण्यापूर्वीच कोणी परिच्छेद बदलला असता, तर आपल्याला ते कसे कळले असते?