गुडघ्यातील गादी जपा

पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या मैदानांवर चिखलात फुटबॉल रंगतो आणि माझ्या दवाखान्यात सुजलेले गुडघे येऊ लागतात. ‘डॉक्टर, गोळी द्या, रविवारी सामना आहे,’ ही मागणी ठरलेली!

अशा मुलांना मी लेडली किंगचे उदाहरण देतो. इंग्लंडचा हा नामवंत बचावपटू टॉटनहॅम संघाचा कर्णधार होता. त्याच्या डाव्या गुडघ्यातील कूर्चा झिजून गेली. सामन्यानंतर गुडघा सुजे, त्यामुळे संघाबरोबर रोजचा सराव त्याला करता येईना. अखेर २०१२ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्याला निवृत्त व्हावे लागले.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत गादी. तिला रक्तपुरवठा नसतो; म्हणून झीज सहसा भरून येत नाही. गोळीने दुखणे दबते, झीज थांबत नाही.

गुडघा मुरगळल्यास खेळ ताबडतोब थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा, पाय उंचावर ठेवावा, मालीश करू नये. काही तासांतच सूज आली, गुडघा अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोवर रविवारचा सामना बाहेर बसूनच पाहावा.